कळ दाबली तेव्हा पाहत कोण होते?

कर्म करणाऱ्याला त्याच क्षणी त्या कर्माचा साक्षीही होता येते का? सांख्यांनी पुरुषाला द्रष्टा आणि अकर्ता मानले, करणे सगळे प्रकृतीकडे सोपवले. मुंडकोपनिषदातही एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. ही फारकत ज्यांना पोथीतली वाटते त्यांनी मामिया आरझेड ६७ कसा चालतो ते बघावे. १९८२ साली आलेला हा जपानी कॅमेरा मुख्यतः स्टुडिओतल्या व्यावसायिकांचा. १२० च्या रोलवर जेमतेम १० फ्रेम. वरून काचेत पाहायचे तर लेन्समधले शटर उघडे आणि आरसा खाली हवा. कळ दाबली की शटर आधी मिटते, आरसा वर जातो, मग शटर ठरल्या वेळेपुरते उघडून पुन्हा मिटते. काच काळी पडते, ती बाजूचा दांडा ओढेपर्यंत काळीच. ज्या प्रकाशाने चित्र उमटले, तो काचेवर कधी आलेलाच नसतो.

कोणी म्हणेल, मान वर करून समोर पाहावे, किंवा याच कंपनीचा मामिया ७ घ्यावा, त्याची खिडकी काळी पडत नाही. खरे आहे, पण दोन्ही वेळा डोळा लेन्समधून पाहत नाही. मामिया ७ वर लेन्सची टोपी तशीच राहिली तरी खिडकीतले दृश्य लख्खच दिसते. पाहणे अखंड राहिले, पण ते करण्यापासून सुटले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्राच्या रचनेवरून आत्म्याबद्दल काही सिद्ध होत नाही. मलाही ते मान्य आहे. त्या क्षणी फिल्म तरी साक्षी होती, असेही म्हणता येत नाही, कारण तिच्यातले चांदीचे क्षार प्रकाशाने बदलतात आणि सांख्यांचा पुरुष बदलत नाही. माझा दावा एवढाच की ‘मी पाहिले तेच टिपले’ हे कर्त्याचे म्हणणे टिकत नाही. त्याने पाहिले ते आधी, पुन्हा पाहील ते नंतर. मग जबाबदारी कशावर उभी राहते? प्रकाश मोजण्यावर, चौकट ठरवण्यावर, नेमक्या वेळी कळ दाबण्यावर. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता त्यांतला एक, पाचवे दैव. समोरच्याने त्याच क्षणी डोळे मिटले असतील तर ते रोल धुतल्यावर कळते, आणि तो फोटो तरीही फोटोग्राफरचाच असतो.