बंद दारांचा वारसा

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाच्या हक्कासाठी निघालेली हजारोंची मिरवणूक शिस्तीत नाशिकच्या पंचवटीतल्या काळाराम मंदिरापाशी पोहोचली. मंदिराचे चारही दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी त्या दरवाज्यांशी जाऊन बसली. तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, लोक रक्तबंबाळ झाले, तरी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे नेटाने चालवला. दार काही उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आपल्या इंदिरानगरातून पंचवटी काही लांब नाही. पाहुणे आले की आपण त्यांना रिक्षात बसवून रामकुंड दाखवतो, सीतागुंफेत वाकून शिरायला लावतो, काळारामाच्या काळ्या पाषाणाचे कौतुक करतो. प्रभू राम वनवासात इथे राहिले, हे आवर्जून सांगतो. पण त्याच रामाच्या दाराशी आपलीच माणसे आत जाण्याचा हक्क मागत उन्हात बसून राहिली, हे सांगायचे राहून जाते.

ही आठवण आजवर जपली ती मुख्यतः त्या लढ्यातल्या माणसांनी आणि त्यांच्या लेकरानातवंडांनी. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशांतून बाबासाहेबांची चळवळ गावोगाव नेली. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे जपली गेली, म्हणून आज ती छापील वाचता येतात. धर्मांतराची घोषणा झाली त्या येवल्याच्या मुक्तिभूमीवर १३ ऑक्टोबरला आणि पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह झाला त्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्चला लोक पदरमोड करून येतात. या जागा जिवंत आहेत त्या या येणाऱ्या पावलांमुळे.

मात्र ज्यांच्या पूर्वजांसाठी दार बंद झाले त्यांनीच तेवढी आठवण ठेवायची, आणि ज्यांच्या पूर्वजांनी आतून कडी घातली त्यांनी खुशाल विसरायचे, ही वाटणी न्यायाची नाही. हा वारसा साऱ्या नाशिकचा आहे. समतेची मागणी इतक्या धीराने जिथे केली गेली, ते गाव आपले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. ते दार का बंद राहिले, याची सलही मनात असायला हवी.

त्या २५ स्त्रियांपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का? आपल्या कॉलनीत, कामाच्या ठिकाणी, गावाकडच्या भावकीत कुणाच्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले असतील. त्या घरी जाऊन बसावे, ऐकावे, लिहून घ्यावे. ट्रंकेच्या तळाशी एखादा फोटो किंवा हँडबिल निघाले, तर घरच्यांच्या परवानगीने त्याची प्रत काढून वाचनालयात द्यावी. मुलांना मंदिरात नेले की दर्शनाआधी दरवाज्याशी थांबून १९३० ची हकिगत सांगावी. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

काळारामाचा दगड आणखी कित्येक शतके टिकेल. दाराबाहेर बसलेल्यांची कहाणी मात्र सांगणाऱ्यावाचून दोन पिढ्याही टिकत नाही. ती सांगण्याचा मान आपणा सर्वांचा आहे, आणि जबाबदारीही.