आरशापुढचा मासा

क्लीनर रॅस हा उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवर राहणारा, बोटाएवढा मासा. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत तो सापडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवरही त्याची वस्ती आहे. निळसर अंगावर तोंडापासून शेपटीकडे रुंदावत जाणारा काळा पट्टा ही त्याची खूण. मात्र एवढ्यावर विसंबून चालत नाही. अस्पिडॉन्टस टीनिएटस हा ब्लेनी कुळातला मासा अगदी असाच दिसतो आणि जवळ जाऊन इतर माशांचे पर कुरतडतो. खऱ्या सफाईकऱ्याचे तोंड मुस्कटाच्या टोकाला असते, तोतयाचे खालच्या अंगाला.

हा मासा ठरलेल्या जागी थांबतो. मोठे मासे तिथे येऊन त्याच्याकडून अंगावरचे परजीवी टिपून घेतात. त्याला खरी चटक असते ती त्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची; तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकून निघून जाते. एका नराभोवती अनेक माद्या असतात आणि नर मेला की सर्वांत मोठी मादी नर होते. रूप एकट्याचे नाही, लिंग कायम नाही. मग याला ‘मी’ असेल का?

जपानमधील मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये या प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माशाच्या गळ्यावर परजीवीसारखा तपकिरी ठिपका केला. आरशात तो दिसल्यावर बहुतेक माशांनी गळा तळाशी घासला. आरसा नसताना किंवा ठिपका रंगहीन असताना घासला नाही. म्हणजे मासा आरशात स्वतःला ओळखतो, असा त्यांचा निष्कर्ष. 1970 मध्ये चिंपांझींवर आरशाची परीक्षा प्रथम घेणाऱ्या गॉर्डन गॅलप यांना मात्र हा निष्कर्ष मान्य नाही.

भारतीय दर्शनांकडे या प्रश्नासाठी अधिक नेमके साधन आहे. सांख्यांच्या मते अहंकार, म्हणजे ‘मी’पणाची जाणीव, हा प्रकृतीचाच विकार. पाहणारा पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य, त्याहून वेगळा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी तर स्पष्टच म्हटले आहे की, व्यवहारात माणूस आणि पशू यांच्यात भेद नाही: उगारलेली काठी पाहून पशू पळतो, हिरवा चारा पाहून जवळ येतो, आणि शहाणा माणूसही तसाच वागतो. दोघेही देहालाच ‘मी’ धरून चालतात. गळा घासणाऱ्या माशाने हेच केले. आरशाची परीक्षा अहंकारापर्यंत पोचते. साक्षी चैतन्य तिच्या आवाक्याबाहेर आहे, माशाचे तसेच माणसाचेही. प्राण्यांना यंत्र ठरवणारे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे मत मात्र या माशापुढे टिकत नाही.