उपासाचं मीठ, मेथीतलं आयोडीन

एकादशीला शिरूर-दौंडकडच्या कित्येक घरांत रोजचं मीठ बाजूला सरतं आणि सैंधव बाहेर येतं. खाणीतलं, म्हणून शुद्ध! पण मुद्दाम मिसळलं नसेल तर त्यात आयोडीन नावापुरतंच. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला 250. एका उपासाने काही बिघडत नाही. बाराही महिने सैंधवच खाणाऱ्यांचं मात्र बिघडू शकतं.

एक उपाय शेतातला आहे. पाण्यातून पोटॅशियम आयोडेट दिलं की पालकासारखी पालेभाजी ते मुळांनी उचलून पानांत साठवते. धान्याच्या दाण्यात फार थोडं पोचतं. मात्रा जास्त झाली तर पान करपतं.

मग अशी भाजी नेमधर्माला चालेल? युरिया चालतो, तर आयोडेटनेच विटाळ कसा? हा आक्षेप लंगडाच.

खाणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न तसा लंगडा नाही. मिठाबाबत तो आधीच उठला आहे. 2006मध्ये केंद्राने खाण्याच्या बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर पुन्हा बंदी आणली. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, तरी लगेच उठवला नाही. सहा महिने चालू ठेवला. मिठाच्या पुडीवर निदान आयोडीन असल्याचं छापलेलं असतं. मेथीच्या जुडीबद्दल मात्र भाजीवालीलाच तोंडाने सांगावं लागेल, आणि तिला ते शेतकऱ्याने.