मधले आसन

नौकेचे सुकाणू कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न माणसाने पाण्यावर पहिली होडी लोटली तेव्हापासूनचा आहे. शिडाच्या होडीत सुकाणू मागल्या टोकाला असते. तांडेलाला तेथून शीड, खलाशी आणि पुढचे पाणी एकदमच दिसते. विसाव्या शतकातील चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीने अंतराळनौका कल्पिली, तेव्हा हा जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. नियंत्रणकक्ष उभारणारा कलादिग्दर्शक केवळ दिवे आणि कळा मांडत नसतो. आज्ञा कोणी द्यावी, ती कोणी पाळावी आणि तिचे फळ कोणी भोगावे, याचा आराखडाच तो रेखाटत असतो. एखादा कक्ष प्रेक्षकाला प्रिय होतो, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच नीतिदृष्टीही असते.

1966 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या मालिकेसाठी मॅट जेफरीज यांनी योजलेला कक्ष वर्तुळाकार होता. मध्यभागी कप्तानाची खुर्ची, समोर विशाल पडदा आणि भोवती सहकाऱ्यांची आसने. 1980च्या दशकात दिल्लीच्या दूरदर्शनने ही मालिका भारतीय घरांत आणली. या कक्षाचे आकर्षण त्यातील एका मूक आश्वासनात आहे : निर्णय घेणारा माणूस सर्वांना दिसतो, आणि त्याला सर्वांचे ऐकू येते. 1987च्या पुढील मालिकेत कप्तानाच्या दोन्ही बाजूंना आसने आली. त्यांपैकी एक सल्लागार स्त्रीचे होते. सत्तेने सल्ल्याला शेजारी जागा दिली.

याच्या नेमकी उलट रचना 1980च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटातील साम्राज्याच्या युद्धनौकेवर दिसते. तेथे अधिकारी उंच मार्गिकेवरून चालतात आणि यंत्रे चालविणारे दोन्ही बाजूंच्या खोलगट खड्ड्यांत बसतात. आज्ञा वरून खाली जाते. दिल्लीकराला ही मांडणी अपरिचित वाटू नये. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-आममध्ये बादशहाचे संगमरवरी आसन उंचावर आहे. त्याखालच्या चौथऱ्यावर उभा राहून वजीर प्रजेचे अर्ज स्वीकारी. 'राजा बोले, दळ हाले' ही म्हण तेथे दगडात कोरल्यासारखी वाटते.

तथापि वर्तुळाकार कक्षाचे आश्वासन तपासून पाहिले पाहिजे. त्या वर्तुळात नौकेवरील सारे लोक मावत नाहीत. खालच्या मजल्यांवर यंत्रे राखणाऱ्या शेकडो माणसांना पडद्यावरचे संकट दिसत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त धक्का. मधली खुर्ची जवळच्यांना जितकी मोकळी, तितकीच दूरच्यांना परकी असू शकते. शिवाय ती प्रेक्षकाचा अहंकारही सुखावते, कारण कल्पनेत प्रत्येकजण स्वतःला त्याच खुर्चीत बसवतो; खालच्या मजल्यावर कोणी बसवीत नाही.

कल्पनेतील हे कक्ष ज्या कसोटीवर घासून पाहता येतील, अशी एक खरी वस्तू दिल्लीत आली. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा 'सोयूझ टी-11'मधून अंतराळात गेले आणि 11 एप्रिलला 'सोयूझ टी-10'मधून परतले. ही परतीची कुपी पुढे तीन मूर्ती परिसरातील नेहरू तारांगणात ठेवण्यात आली. तिचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर. तिच्यातही मधले आसन प्रमुखाचे. पण त्याला सिंहासन म्हणावे असे त्यात काही नाही. तिघेही गुडघे पोटाशी घेऊन खांद्याला खांदा लावून पडलेले. समोरच्या कळांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून प्रमुखाला काठीने त्या दाबाव्या लागतात. आसनाचे अस्तर ज्याच्या-त्याच्या देहाच्या मापाने घडवलेले असते. कोणाचेही दुसऱ्याला चालत नाही. आणि कुपी पृथ्वीवर आदळते, तेव्हा तो आघात प्रमुखाला व सहप्रवाशांना सारखाच बसतो.

येथे कोणी म्हणेल, समान धोका म्हणजे शहाणपण नव्हे. बुडणाऱ्या नावेचा मूर्ख तांडेलही सर्वांबरोबरच बुडतो. आक्षेप रास्त आहे. शिवाय त्या कुपीविषयीचे कितीतरी निर्णय जमिनीवरच्या नियंत्रणकेंद्रात होत होते, आणि तेथील माणसांच्या जिवाला कोणताच धोका नव्हता. म्हणून त्यांचा अधिकार अन्याय्य ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. परंतु ज्याला आघात बसणार नाही, त्याच्यावर एक अधिकचे ऋण येते : ज्याला तो बसणार आहे त्याचा आवाज अखंड ऐकण्याचे, आणि चुकल्यास उत्तर देण्याचे. अधिकार न्याय्य होतो तो एकतर सहभोगाने, नाहीतर उत्तरदायित्वाने. दोन्ही नसतील तर कितीही सुंदर कक्ष खड्ड्यांच्या नौकेहून वेगळा राहत नाही.

जून 2025मध्ये शुभांशु शुक्ला 'ड्रॅगन' यानातून अंतराळस्थानकाकडे गेले, तेव्हा समोर स्पर्शपटल होते आणि यान स्वतःच मार्ग धरून स्थानकाला जोडले जाण्याजोगे होते. 1968च्या '2001 : अ स्पेस ओडिसी'मधील हॅल या संगणकाने हा प्रश्न आधीच विचारून ठेवला होता. यंत्र आघात भोगत नाही आणि उत्तरही देत नाही. त्यामुळे सुकाणू त्याच्याकडे सोपवता आले, तरी ऋण सोपवता येत नाही. ते सोपवणाऱ्याच्याच माथी राहते. मधले आसन रिकामे झाले, तरी ते कोणी रिकामे केले, हे विचारण्याचा हक्क खालच्या मजल्यावरच्या माणसाचा असतो.