राजीनाम्यातला राजी

मराठी माणसाला नोकरी 'लागते'. हे क्रियापद आपण एरवी ठेच, उचकी, दृष्ट आणि साडेसाती यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. म्हणजे ज्या गोष्टीत माणसाचं स्वतःचं कर्तृत्व फारसं नसतं, त्यांच्या पंगतीत आपल्या पूर्वजांनी नोकरीला बसवलं. आणि पुढे ती 'जाते'. वीज जाते, आवाज जातो, तोल जातो, तशी नोकरी जाते. घालवली कुणी, हे सांगायची त्या वाक्यात सोयच नाही. जणू एके दिवशी नोकरीच उठली, पिशवी काखोटीला मारली आणि कुणाला न सांगता माहेरी चालती झाली!

मी स्वतः एका बँकेत 34 वर्षं काढली. आमच्या काळात नोकरी जायची म्हणजे माणसाला किमान अफरातफर तरी करावी लागे. नुसती कामं नीट केल्याबद्दल कुणी कुणाला घरी पाठवत नसे. कामं न केल्याबद्दलही पाठवत नसत, हा भाग वेगळा. त्यामुळे आमच्या भाच्याचं प्रकरण समजून घ्यायला मला जरा वेळच लागला.

हा भाचा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. वय 38, नोकरी 14 वर्षं, फ्लॅटचे हप्ते अजून तेवढीच वर्षं. एका मंगळवारी दुपारी त्याला एक व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक हसतमुख बाई. त्या म्हणाल्या, कंपनीची पुनर्रचना चालू आहे, त्यात तुमचं पद बसत नाही. तेव्हा संध्याकाळपर्यंत राजीनामा पाठवा. पाठवलात तर तीन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाही पाठवलात तर... त्या 'तर'च्या पुढे बाईंनी फक्त स्मितहास्य केलं. राजीनाम्याचा मजकूरही त्यांनीच पाठवला होता. 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने' वगैरे. भाच्याने फक्त नाव घालायचं होतं. आमच्या बँकेत कोऱ्या चेकवर सही घेतली की त्याला गुन्हा म्हणत. इथे कोऱ्या खुशीवर सही घेतात.

आता 'राजीनामा' हा शब्दच पाहा. फारसीतून आलेला. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा कागद. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला शेतकरी सरकारदरबारची आपली जमीन सोडी तेव्हा राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जात असली, तरी कागदावर शेतकरी राजीच! म्हणजे हिंजवडीने नवीन काही शोधून काढलेलं नाही. फक्त अंगठ्याच्या जागी ईमेल आला.

आणि हा कागद लागतो कशाला, याचंही उत्तर आहे. कायदा ज्याला कामगार म्हणतो त्याला कपातीत काढायचं, तर 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याने काही अटी घातल्या होत्या. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई, आणि साधारणपणे शेवटी आला त्याने आधी जायचं. नोटीस आणि भरपाई 2020च्या नव्या संहितेतही आहेत. पण स्वखुशीने निघालेल्या माणसाची कपात कशी होणार? तेव्हा खुशी लिहून घेतली की सगळ्या कटकटी मिटतात. सत्यनारायणाला जशी सुपारी, तशी कपातीला खुशी.

इथवर हे कंपनीचं झालं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. भाच्याला नव्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे पहिला प्रश्न ठरलेला : "आधीची नोकरी का सोडली?" याचं उत्तर काय द्यावं? 'सोडली' म्हणावं, तर खोटं. 'काढलं' म्हणावं, तर हातातलं सहीचं पत्र उलट बोलतं. म्हणजे खरं बोलणारा माणूस कागदोपत्री खोटा आणि खोटं बोलणारा कागदोपत्री खरा! धर्मराजाला आयुष्यात एकदा 'अश्वत्थामा' म्हणून हत्तीकडे हळूच बोट दाखवावं लागलं, तर त्याचा रथ जमिनीवर आला. इथे गृहकर्ज काढलेल्या माणसाने दर मुलाखतीत हत्ती शोधायचा.

मी आपला जुन्या वळणाचा. म्हटलं, "सरळ खरं सांग. लाज कसली?"

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तुझं बरंय. तुला पेन्शन आहे."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. सत्य हे सगळ्यांना एकाच भावाने मिळत नाही, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. पेन्शनरांना ते जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून आम्ही ते सकाळी टेकडीवर मुक्तहस्ताने वाटत असतो. हप्ता डोक्यावर असलेल्याला तेच सत्य फार महाग पडतं. आणि ज्याने खोटं कागदावर उतरवून घेतलं, त्याला दमडी पडत नाही. मग खोटं नेमकं कुणाचं? सही करणाऱ्याचं, की मजकूर पाठवणाऱ्याचं? माझ्या मते सही भाच्याची, पण खोटं त्या कंपनीचं. 'मी स्वखुशीने' या दोन शब्दांतला 'मी' तेवढा त्याचा.

पण गंमत अशी, की लाज मात्र पुरी भाच्याच्या वाट्याला आली. माझी बहीण सोसायटीत सांगते, "त्याचं वर्क फ्रॉम होम आहे." पूर्वी नोकरी गेलेला माणूस डबा घेऊन नऊला घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहायचा. आता ते कष्टही उरले नाहीत. घरीच लॅपटॉपपुढे बसलं, की कामावर असलेला आणि काम शोधणारा पाठमोरे सारखेच दिसतात.

वास्तविक तो एकटा थोडाच आहे? नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 माणसं कमी केली, जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. अनेकांना ही बातमी ईमेलने कळली. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, की बाडबिस्तरा आवरायच्या आत दुसरी शोधायला फार तर 60 दिवस मिळतात. आपल्याकडे जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12,000 च्या वर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. गूगल-मेटाच्या प्रमुखांनी निदान एवढं तरी केलं, की या निर्णयांची जबाबदारी आपली असल्याचं लिहून टाकलं. जबाबदारी त्यांची आणि नोकऱ्या इतरांच्या गेल्या. पण वाक्याला कर्ता मिळाला, हेही नसे थोडके.

गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कित्येकांना कामाचं तोंड पुन्हा दिसलं नाही. संसार मोडले, मुलांच्या शाळा सुटल्या. ते दुःख भाच्याच्या दुःखापेक्षा लहान नव्हतं, चांगलं मोठंच होतं. पण 'हे माझ्यामुळे झालं' असं म्हणायची वेळ तिथे आली नसावी. अख्ख्या चाळीचा भोंगा एकदम थांबला, तर आपल्याच कानात बिघाड आहे असं कोण म्हणेल? हिंजवडीत मात्र एकेकट्याला बोलावतात. प्रत्येकाचा कॉल वेगळा, प्रत्येकाची खुशी वेगळी. मग तो घरी बसून आपल्याच 14 वर्षांत चूक शोधत राहतो. एकटं पाडलं, की माणूस गुन्हा नसतानाही कबुलीजबाब द्यायला लागतो.

तेव्हा उत्तर देणाऱ्याला सत्याचे धडे देण्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्यांनी थोडं सुधारावं, या मताला मी आलो आहे. मुलाखत घेणाऱ्याला 'तुम्हाला काय येतं?' असं विचारता येईल. 'का सोडली' याचं उत्तर त्यालाही ठाऊक असतं. त्याच्या कंपनीतही पुनर्रचना झालेली असतेच. आणि आपण सोसायटीवाल्यांनी 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न दोन मजले वर चढून जाऊन विचारू नये. फार तर चहाला बोलवावं.

उरलं व्याकरण. 'कंपनीने त्याला काढलं' हा भावे प्रयोग. यात क्रियापद कर्त्याकडेही बघत नाही आणि कर्माकडेही बघत नाही. आपल्याच तंद्रीत 'काढलं' म्हणून मोकळं होतं. व्हिडिओ कॉलचं इतकं चोख वर्णन त्या बाईंनाही जमलं नसतं. पण यात कंपनी निदान वाक्यात आहे, आणि पहिल्या जागेवर आहे. घरात तरी आम्ही आता हेच वाक्य वापरतो. बहिणीला पहिले आठ दिवस जड गेलं. मग एकदा तिने ते सोसायटीत वापरलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या जावयालाही काढलंय हो, मार्चमध्ये." आणि दोघी तासभर बोलत बसल्या.

भाच्याला चार महिन्यांनी नोकरी लागली. पगार थोडा कमी, ऑफिस थोडं लांब. तिथे 'का सोडली'ला त्याने काय उत्तर दिलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पेन्शनर असलो, तरी तेवढं मला कळतं.