पाणी कधी सोडायचे, हे कोण ठरवते?

बाली बेटावरच्या नद्या मधल्या ज्वालामुखींच्या उतारावरून खोल घळींतून समुद्राकडे धावतात. शेतकऱ्यांनी त्यांना जागोजागी छोटे बांध घातले, डोंगर पोखरून पाणी वळवले आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे रचली. एका पाटावर शेती भिजवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला तिथे सुबक म्हणतात. अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांत सुबकांचा उल्लेख आहे. सुबकाचे आपले जलमंदिर असते, अनेक सुबकांचे मिळून आणखी एक मोठे मंदिर असते आणि या सगळ्यांच्या वर बातूर सरोवराच्या देवीचे मंदिर. लावणी कोणी कधी करायची, कोणाची खाचरे किती दिवस कोरडी ठेवायची, हे या मंदिरांच्या आवारात जमणारे शेतकरी ठरवत आले.

१९७०च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने हरित क्रांतीची बियाणी आणि खते आणली. वर्षातून जमेल तितक्या वेळा भात लावा, मंदिराच्या वेळापत्रकाची वाट पाहू नका, असा आग्रह सुरू झाला. १९७९मध्ये आशियाई विकास बँकेच्या मदतीने सिंचनाचा मोठा प्रकल्प आला. त्याच्या आखणीत मंदिरांकडे पूजाअर्चेची जागा म्हणून पाहिले गेले; तिथे पाण्याचे व्यवस्थापन होते, हे आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. याच काळात पाण्याचे वेळापत्रक विस्कटले, तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो हा भातावरचा रोग पसरला, उंदीर माजले. औषध फवारावे आणि कीड पुन्हा उसळावी, हे चक्र चालू राहिले.

जे. स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ या मंदिरांचा अभ्यास करत होते. कीड का वाढली याचे शेतकऱ्यांकडे सरळ उत्तर होते. शेजारशेजारच्या सगळ्या खाचरांत भात एकदम कापला गेला आणि एकदम पाणी भरले गेले, तर किडीला खायला काही उरत नाही. सगळे एकदम पेरते झाले, तर मात्र पाण्याची मागणीही एकाच आठवड्यात येते आणि नदी पुरी पडत नाही. थोडक्यात, किडीसाठी सर्वांनी एकत्र असायला हवे, पाण्यासाठी वेगवेगळे. मंदिरांची उतरंड हा पेच सोडवत होती. पण हे अभियंत्यांना पटवायचे कसे?

लान्सिंग यांनी परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांना सोबत घेतले. वोस आणि पेतानू या दोन नद्यांच्या खोऱ्यातले १७२ सुबक त्यांनी संगणकात उतरवले. पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची पाण्याची गरज, किडीची वाढ आणि तिचा शेजारी शिरकाव, हे सारे त्यात होते. प्रत्येक सुबक आपापला निर्णय घेणारा. आधी त्यांनी सर्वांना एकच वेळापत्रक देऊन पाहिले, मग प्रत्येकाला स्वतंत्र. पहिल्यात पाणी आटले, दुसऱ्यात कीड माजली. मंदिरांच्या पातळीवरचा समन्वय दिल्यावर उत्पादन सर्वांत चांगले आले.

खरी कमाल पुढच्या प्रयोगात आहे. आता मंदिरे काढून टाकली आणि सुबकांना कसलीही पीकपद्धती वाटून दिली. नियम एकच: वर्षअखेर शेजाऱ्यांकडे पाहायचे आणि ज्याचे पीक आपल्याहून चांगले, त्याची पद्धत उचलायची. मॉडेलमधली काही वर्षे सरली आणि एकत्र लावणी करणाऱ्या सुबकांचे गट आपोआप तयार झाले. ते प्रत्यक्षातल्या मंदिरांच्या गटांशी बरेच जुळत होते. वरून कोणी आखलेले नव्हते. हा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९८८मध्ये आशियाई विकास बँकेच्याच मूल्यमापनाने जुन्या व्यवस्थेचे मोल न ओळखल्याची किंमत मोठी पडली, असे मान्य केले होते.

या पद्धतीला एजंट-बेस्ड मॉडेलिंग म्हणतात. सरासरी शेतकरी, सरासरी पाऊस यांची समीकरणे मांडण्याऐवजी एकेका माणसाला, कुटुंबाला किंवा गटाला स्वतंत्रपणे वागू द्यायचे आणि त्यांच्या एकमेकांवरच्या परिणामांतून काय उभे राहते ते पाहायचे. मला तिचे महत्त्व भाकितासाठी वाटत नाही. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली घडी मोडण्याआधी ती मोडून पाहण्याची एक निरुपद्रवी जागा ती देते, म्हणून वाटते. बालीत ती तपासणी नुकसान झाल्यावर झाली.

वरच्या आणि खालच्या सुबकांचे नातेही याच विचारातून उलगडले. वरच्याला पाणी आधी मिळते, मग त्याने खालच्याची पर्वा का करावी? कारण खालच्याला पाणी मिळाले नाही तर तो आपल्या सोयीने पेरेल आणि त्याच्या शेतातली कीड वर येईल. पाणी खाली सोडणे वरच्याच्याही हिताचे ठरते. धर्म आणि स्वार्थ इथे एकाच पाटाने वाहतात.

अर्थात मॉडेलमध्ये जे घातलेच नाही, ते त्यातून निघणार नाही. मार्को यान्सन यांनी २००७मध्ये बालीचे मॉडेल पुन्हा तपासले, तेव्हा असा समन्वय विशिष्ट परिस्थितीतच उभा राहतो असे दिसले. कीड कशी पसरते याबद्दलच्या गृहीतकावर बरेच अवलंबून होते. स्टीफन हेल्मराइक यांचा आक्षेप आणखी मूलगामी होता: राजे, कर, वसाहतीची सत्ता हा सगळा इतिहास वगळून सुबक निसर्गाशीच जुळवून घेताना दाखवले आहेत. हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि आपल्याकडे तर तो विसरून चालणारच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या लाँग हाउस खोऱ्यातल्या प्राचीन वस्तीच्या मॉडेलने तर आपल्या चुकीतूनच काही शिकवले. इ. स. ८०० ते १३५० या काळातले हवामान आणि मक्याचे पीक त्यात घातले होते. खोरे १३००च्या सुमारास ओस पडले, पण मॉडेल सांगत होते की काही कुटुंबे तिथे तगली असती. म्हणजे सगळेच निघून गेले, त्याचे कारण केवळ दुष्काळात सापडणार नाही.

महाराष्ट्रात पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीतही एका फडातल्या सगळ्या शेतांत एकच पीक आणि पाण्याची ठरलेली पाळी, असा समन्वय होता. आज आपला पेच भूजलाचा आहे. एकाच्या बोअरला पाणी लागते, शेजारी त्याहून खोल जातो, तिसरा कर्ज काढून दोघांच्याही खाली. अटल भूजल योजनेत गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला गेला आणि ते चांगलेच काम झाले. पण ताळेबंद किती पाणी उरले ते सांगतो. उरलेले पाणी पाहून शेजारी काय करेल, ते सांगत नाही. हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर बंद केले, ते गावाने एकमेकांच्या वागण्याचा अंदाज घेऊन नियम केला म्हणून. हाच नियम शेजारच्या तालुक्यात टिकेल का, याचा अभ्यास अशा मॉडेलने व्हायला हवा. त्यात उसाचा भाव, मोफत वीज, जात, साखर कारखान्याचे राजकारण, पाटाच्या शेपटाला असलेली जमीन, सगळे धरावे लागेल.

फ्रान्समधल्या काही संशोधकांनी यासाठी एक चांगली रीत घालून दिली आहे. ते शेतकऱ्यांना आधी पटावर खेळायला बसवतात, त्यांच्या चालींवरून मॉडेलचे नियम लिहितात आणि ते पुन्हा त्यांनाच दाखवून दुरुस्त करून घेतात. आपल्या कृषी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकेक पाणलोट घेऊन हे काम सुरू करावे. त्यासाठी वापरता येणारे नेटलोगो हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.