मित्राचे दुःख आणि मित्राचा राग



७ ऑक्टोबर २०२३ या दिवशी रोझरी मातेचा सण होता. दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सेनंतर, एक मावशी सॅक्रिस्टीत आल्या. त्यांची पुतणी इस्रायलमध्ये एका वृद्ध बाईंची देखभाल करते. फोन लागत नव्हता. आम्ही तिथेच उभ्याने रोझरीचे एक दशक म्हटले. संध्याकाळी फोन लागला, मुलगी सुखरूप होती. पुढे जुलै २०२५ मध्ये गाझा शहरातील पवित्र कुटुंबाच्या चर्चवर तोफगोळा पडला, तीन माणसे गेली, तिथले फादरही जखमी झाले. तेव्हा त्याच मावशी पुन्हा आल्या आणि त्या धर्मग्रामासाठी प्रार्थना घ्या म्हणाल्या. जाता जाता त्यांनी विचारले, "फादर, आपलं सरकार नक्की कोणाच्या बाजूला आहे हो?" मी काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते हे मला तेव्हाच कळले होते.

इस्रायल आपल्यापासून फार दूर आहे असे पेण-रोह्याच्या माणसाने तरी म्हणू नये. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपल्या जिल्ह्यातली आहे. त्यांचे वंशज बेने इस्रायल. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. पेणकर आणि रोहेकर ही त्यांचीही आडनावे. पेणला त्यांचे १८६३ सालचे सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बहुतेक घरे तिकडे गेली, पण मराठी सोबत घेऊन गेली. म्हणजे त्या दिवशी आळीतल्याच एका घरावर घाला पडला होता.

त्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले. आपल्या पंतप्रधानांनी त्याच दिवशी हा दहशतवादी हल्ला आहे असे म्हटले आणि आपण इस्रायलच्या पाठीशी आहोत असे जाहीर केले. काहींना ते घाईचे वाटले. मला ते योग्य वाटले. ज्या घरात खून झाला आहे त्या घरी आपण समाचाराला जातो तेव्हा बांधावरच्या भांडणाची चौकशी करीत नाही. पोलिसांचे काम वेगळे आणि शेजाऱ्याचे वेगळे. पहिल्या दिवशी 'पण' हा शब्द उच्चारायचा नसतो.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. समाचाराला गेलेला माणूस घरातल्यांच्या पुढच्या प्रत्येक कृतीला बांधला जातो का? दुःख ओसरण्याआधीच घरातला मोठा मुलगा कोयता घेऊन बाहेर पडला, तर ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याने काय करावे?

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवला तेव्हा मैत्रीवर त्याने दोन पूर्ण प्रकरणे का खर्च केली हे कळत नसे. आज थोडे कळते. मित्र वाट चुकत असेल आणि तो सुधारण्याजोगा असेल, तर त्याची मालमत्ता वाचवण्यापेक्षा त्याचा स्वभाव वाचवायला मदत करणे हे मित्राचे मोठे काम आहे, असे तो सांगतो. संत थॉमस अक्वायनस स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतात, पण गरजेहून अधिक बळ वापरले तर तेच कृत्य अयोग्य ठरते, असेही बजावतात. हल्ला झाला यात शंका नाही, प्रतिकाराचा हक्क आहे यातही नाही. शंका आहे ती किती आणि कोणावर याविषयी. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार दोन वर्षांत ६७ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत हमासचे लढवय्ये होतेच, पण बायका-मुले हजारोंनी होती.

हे समजायला आपल्याला गाझापर्यंत जायला नको. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. ते आरडीएक्स आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते. काही कस्टमवाले व पोलीस त्यात सामील होते, त्यांना शिक्षा झाल्या. पण शेखाडीच्या सगळ्या कोळीवाड्याला शिक्षा करा असे कोणी म्हटले असते तर? किनारा त्यांचा होता, होड्या त्यांच्या होत्या, कोणाकोणाला काही दिसलेही असेल. तरीही आपण म्हटले असते, हे चालणार नाही. कारण त्या होडीवाल्यांना आपण बाजारात भेटतो.

२००८ च्या नोव्हेंबरात दुःखाचे घर आपले होते. १६६ माणसे गेली, त्यांत नरिमन हाऊसमधले ज्यू पाहुणे आणि त्यांचे यजमान रब्बी पती-पत्नीही. मी तेव्हा सेमिनरीत होतो आणि रात्री टीव्हीसमोर बसून पाकिस्तानवर विमाने पाठवावीत असे मलाही वाटले होते, हे कबूल करतो. आठवड्याभरात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री दिल्लीला सांत्वनाला आल्या आणि संयमाचेही बोलून गेल्या. आम्हाला त्याचा राग आला. सरकारने विमाने पाठवली नाहीत. हाती लागलेल्या एका हल्लेखोराला वकील दिला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालवला. (फाशीबद्दल चर्चची शिकवण वेगळी आहे, तो विषय आज नको.) त्या संयमाने सगळे सुटले असे नाही, पण कराचीतल्या एखाद्या आईचे मूल आपल्या रागापायी मेले नाही.

आता आपल्या सरकारकडे येऊ. हल्ल्यानंतर पाच दिवसांनी परराष्ट्र खात्याने स्वतंत्र पॅलेस्टाईनच्या जुन्या भूमिकेची आणि युद्धातही पाळायच्या मानवी नियमांची आठवण दिली. २२ ऑक्टोबरला औषधे आणि तंबू घेऊन विमान इजिप्तला गेले. हे चांगले झाले. २७ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवण्याचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. हमासच्या हल्ल्याचा त्यात स्पष्ट निषेध नाही, हे कारण पुढे आले. त्यात तथ्य होते. पण १२ डिसेंबरच्या ठरावातही हमासचे नाव नव्हते आणि तरी भारतासह १५३ देशांनी बाजूने मत दिले. म्हणजे मधल्या सहा आठवड्यांत मृतांची संख्या काहीतरी शिकवून गेली होती. मग १२ जून २०२५ ला, ती संख्या ५५ हजारांवर गेली असताना, आपण पुन्हा तटस्थ का राहिलो? चर्चेनेच मार्ग निघेल असे सांगितले गेले. मला ते पटले नाही. पहिल्या दिवशी गप्प बसून सोबत करणे हे प्रेम होते, विसाव्या महिन्यात गप्प बसणे म्हणजे कोयत्याला वाट देणे.

सरकार म्हणजे शेजारी नव्हे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. कारगिलच्या वेळी इस्रायलने शस्त्रे दिली हे विसरता येत नाही. तिथे हजारो भारतीय कामाला आहेत, मावशींची पुतणी त्यांतलीच. सरकारला पाच गोष्टी पाहाव्या लागतात, मला पॅरिशच्या कार्यालयात बसून एकच पाहावी लागते. पण ज्याच्याकडून आपण शस्त्रे घेतो त्याच्याशी खरे बोलण्याची संधीही आपल्यालाच जास्त असते. सप्टेंबर २०२५ मध्ये आमसभेपुढे आलेल्या जाहीरनाम्यात ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचाही निषेध होता आणि गाझातल्या नागरिकांवरील हल्ल्यांचाही. भारताने त्याला मत दिले. असा कागद लिहिता येतो, एवढे तरी त्यातून दिसले.

ज्यांना माझे म्हणणे मान्य नसेल त्यांनी मिस्सेनंतर जरूर थांबावे. येत्या रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत दोन प्रार्थना आहेत, एक ७ ऑक्टोबरला गेलेल्यांसाठी, एक गाझात गेलेल्यांसाठी. वाचणाऱ्या मुलाने विचारले, आधी कोणती? मी म्हटले, ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने वाच.